बरणी-फुग्याचा वायुभारमापक उलटसुलट दाखवतोय? हे तपासून बघा

काचेची बरणी, तिच्या तोंडावर ताणून बसवलेला फुग्याचा तुकडा, त्याच्या मध्यावर चिकटवलेली काडी आणि काडीच्या दुसऱ्या टोकामागे उभी केलेली पट्टी. हवेचा दाब शिकून झाला की मुलं हा वायुभारमापक घरी करून बघतात. बाहेरचा दाब वाढला की रबर आत दबतं आणि काट्याचं बाहेरचं टोक वर जातं. दाब उतरला की रबर फुगतं आणि टोक खाली येतं. करायला अर्धा तास पुरतो, पण पुढच्या आठवड्यात तक्रारी हमखास सुरू होतात. पुण्यात आमच्या सोसायटीतल्या मुलांबरोबर घरगुती उपकरणं करताना मी सर्वांत जास्त वेळा दुरुस्त केलेलं उपकरण हेच. बिघाड बहुतेक वेळा ठरलेले असतात, म्हणून तपासायचा क्रमही ठरून गेला आहे. आधी फुकटातलं, मग दहा-वीस रुपयांचं, आणि खटपटीचं सगळ्यात शेवटी.

लक्षणं

तुमच्या बरणीला यांतलं काय होतंय ते आधी बघा.

– काटा रोज दुपारी खाली आणि पहाटे वर. बाहेर ऊन असो की पाऊस, वेळापत्रक तेच.
– पहिले दोन-तीन दिवस छान हलला, मग मधोमध येऊन थांबला.
– काटा अडकतो, आणि टेबलाला धक्का लागला की एकदम उडी मारतो.
– पावसाळी हवेत दिवसेंदिवस खाली झुकत जातो आणि परत वर येत नाही.
– बरणी बनवल्यावर तासाभरातच रबर आत ओढलं जाऊन खळगा पडतो.
– काटा हलतो, पण फोनवर किंवा बातम्यांत दिसणाऱ्या आकड्यांशी ताळमेळ बसत नाही.

पहिलं लक्षण सगळ्यांत जास्त दिसतं आणि सगळ्यांत जास्त फसवतं. काटा रोज हलतो, म्हणजे उपकरण चालू आहे असं वाटतं. ते चालू असतंच, पण दाखवत असतं तापमान.

तळहाताची परीक्षा

याला एक पैसाही लागत नाही, म्हणून सुरुवात इथूनच करा. काट्याच्या टोकासमोर पेन्सिलीनं खूण करा. मग मुलाला दोन्ही तळहातांनी बरणीला बाजूनं धरायला सांगा. रबराला हात लावायचा नाही, बरणी उचलायची नाही. मिनिटभर नुसतं धरून ठेवायचं. काटा सावकाश खाली उतरताना दिसेल. हात काढून घेतले की काही मिनिटांत पुन्हा वर चढेल.

मुलांचा चेहरा इथे बघण्यासारखा असतो. आमच्याकडच्या एका पाचवीतल्या मुलीनं हात काढून घेतले आणि म्हणाली, “ताई, मी हात लावल्यावर बाहेरचा दाब कसा कमी होईल?” ती बरोबर ठिकाणी पोचली होती. बाहेरचा दाब होता तेवढाच होता. बरणीतली हवा तापली, पसरली आणि तिनं रबर वर ढकललं. काट्याला मात्र दोन्ही गोष्टी सारख्याच. बाहेरचा दाब कमी होऊन रबर वर आलं की आतली हवा तापून, हे त्याला वेगळं करता येत नाही.

यातला हिशोब मुलांना करून दाखवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. बंद भांड्यातल्या हवेचा दाब तिच्या निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या तापमानाच्या, प्रमाणात वाढतो. खोलीचं तापमान २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्विन. एक अंश वाढला की दाब तीनशेव्या भागानं वाढणार. पुण्यात हवेचा दाब साधारण ९५० मिलिबार (मिलिबार हे दाबाचं एकक) असतो, त्याचा तीनशेवा भाग झाला सव्वातीन मिलिबारच्या आसपास. आता दुसरी बाजू बघा. आपल्या भागात हवेचा दाब एरवीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो, रात्री दहा आणि पहाटे चारलाही तसंच. ही वातावरणाची रोजची भरती-ओहोटी आहे आणि तिचा चढउतार तीन-चार मिलिबारचा असतो. म्हणजे खोली एका अंशानं तापली तरी काटा दिवसभराच्या खऱ्या बदलाएवढा हलतो. घरात दिवसभरात तापमान पाच-सहा अंशांनी बदलत असेल, तर त्यात दाबाचा आवाज ऐकू येणारच नाही.

हा गोंधळ चारशे वर्षं जुना आहे. गॅलिलिओच्या काळातली उष्णतादर्शकं अशीच हवेच्या फुगण्यावर चालायची आणि त्यांचं एक टोक बाहेरच्या हवेला उघडं असायचं. १६४३ मध्ये टॉरिचेल्लीच्या पाऱ्याच्या नळीनं हवेला दाब असतो हे दाखवलं. त्यानंतर लक्षात आलं की ती उपकरणं उष्णतेबरोबर दाबालाही हलतात. म्हणून सतराव्या शतकाच्या मध्यावर फ्लोरेन्समध्ये दोन्ही बाजूंनी बंद काचेतले, द्रव भरलेले तापमापक आले. त्यांना तापमान हवं होतं आणि दाब आडवा येत होता. आपल्याला दाब हवाय आणि तापमान आडवं येतंय.

जागा बदला

हेही फुकटातलंच. खिडकीची कड, गॅसच्या ओट्याजवळची जागा, फ्रिजच्या पाठीमागची भिंत, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्सच्या वरची फळी या जागा बाद. गच्चीकडच्या, ऊन झेलणाऱ्या भिंतीला टेकवूनही ठेवू नका. घरातल्या आतल्या खोलीत, ज्या भिंतीला बाहेरचं ऊन लागत नाही तिच्याजवळ, जमिनीपासून जरा वर ठेवा. बऱ्याच घरांत देवघराचा कोपरा किंवा कपाटातला मधला कप्पा चांगला निघतो, फक्त समई-निरांजन जवळ नको. पंख्याचा झोत थेट काट्यावर आला तर तो थरथरतो, म्हणून तेही टाळा.

जागा बदलूनही चोवीस तासांत काटा तापमानाबरोबर हलेलच, पण कमी. निम्म्या बरण्या माझ्याकडे एवढ्यावरच वापरण्यालायक झाल्या आहेत.

नोंदीची वेळही ठरवून घ्या. हवामान खात्याची निरीक्षणं भारतीय वेळेनुसार सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचला होतात, त्याच वेळा धरल्या तर पुढे तुलना करायला सोपं जातं. एका दिवशी सकाळी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं, तर रोजच्या भरती-ओहोटीचाच फरक वहीत उतरेल आणि मुलांना वाटेल हवा बदलली.

बरणी आतून कोरडी आहे का?

लोणच्याची किंवा कॉफीची बरणी धुतात, पालथी घालतात आणि तासाभरात फुगा चढवतात. काचेला आतून चार थेंब चिकटलेले असतात. ते थेंब तिथेच राहिले की आतली हवा कायम दमट, आणि तापमान वाढलं की आणखी पाण्याची वाफ होणार. २५ अंशांच्या आसपास एका अंशाला वाफेचा दाब जवळपास दोन मिलिबारनं वाढतो. कोरड्या बरणीत एका अंशाची चूक सव्वातीन मिलिबार होती, ओल्या बरणीत ती पाचच्या पुढे गेली.

बरणी पुसून, झाकण न लावता, दोन दिवस कोरड्या जागी उघडी ठेवा. पावसाळ्यात नीट वाळत नसेल तर आतून पुसून थोडे तांदूळ तव्यावर कोरडे भाजून, पूर्ण गार करून तळाशी टाका. बरणी उन्हात ठेवून गरम असतानाच बंद करायची नाही. तासाभरात खळगा पडतो तो याच कारणानं. हातांच्या उबेनं किंवा उन्हानं तापलेली हवा आत कोंडली जाते, ती गार झाली की आक्रसते आणि रबर आत ओढलं जातं. बरणी, फुगा, रबरबँड सगळं ज्या खोलीत उपकरण राहणार तिथे तासभर पडू द्या, मग बंद करा.

बरणी काचेचीच हवी. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या भिंती स्वतःच आतबाहेर होतात आणि रबराच्या वाट्याला हालचाल उरत नाही. “अजिबात हलत नाही” या तक्रारीत निम्म्या वेळा बाटली प्लॅस्टिकची निघते.

काटा आणि पट्टी

प्लॅस्टिकचे स्ट्रॉ १ जुलै २०२२ पासून बंद झाले, तेव्हापासून मुलं कागदी स्ट्रॉ आणतात. कागद दमट हवेत पाणी ओढतो, मऊ पडतो आणि स्वतःच्या वजनानं वाकतो. पावसाळ्यात खाली झुकत जाणारा काटा हा बहुतेक वेळा कागदी स्ट्रॉचा असतो. त्याऐवजी खराट्याचा हीर घ्या. सरळ, पातळ, हलका, आणि टोकाकडे निमुळता असल्यानं पट्टीवर नेमकं वाचता येतं. खराट्यातून चार-पाच हीर काढून टेबलावर लोळवून बघा, जो गडगडत सरळ जातो तो उचला.

काटा बरणीच्या काठावर टेकतो तो त्याचा आस. मध्यापासून काठापर्यंत तीन सेंटिमीटर आणि काठाच्या बाहेर पंधरा सेंटिमीटर असेल, तर रबर एक मिलिमीटर हललं की टोक पाच मिलिमीटर हलतं. काठावर काडी घासत असेल तर ही पाचपट हालचाल अडकून राहते. काठावर, रबराच्या वरून, काडीखाली एक टाचणी आडवी चिकटवा. काडी त्या टाचणीवर डुलली पाहिजे. टोक आणि पट्टी यांच्यात कागद जाईल एवढी फट ठेवा, पट्टीला टेकलेला काटा कधीच खरं सांगत नाही.

काडी रबराला चिकटवायला फेविकॉलचा गोळा नको. तो वाळताना आक्रसतो आणि मध्यावर कडक गाठ तयार होते. झटकन चिकटणारा गोंद रबर कडक करून टाकतो. दुहेरी चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा पुरतो.

जुळी बरणी

ही परीक्षा मला फार आवडते आणि बरेच जण ती गाळतात. अगदी तशीच दुसरी बरणी करा, तोच फुगा, तसाच हीर, तशीच पट्टी. फक्त हिच्या रबराला काठाजवळ सुईनं एक भोक पाडा. पातळ ताणलेलं रबर भोकापासून फाटू नये म्हणून त्या जागी आधी सेलोटेपचा तुकडा लावा आणि टेपमधून टोचा. दोन्ही शेजारी ठेवा.

भोक असलेल्या बरणीत आतला आणि बाहेरचा दाब कायम सारखा. ती तापमानानं हलणार नाही, दाबानंही हलणार नाही. तरीही तिचा काटा सरकत असेल, तर दोष काडीचा, चिकटपट्टीचा किंवा ढिल्या पडणाऱ्या रबराचा आहे, हे पक्कं झालं. ती स्थिर आणि पहिली हलतेय, तर हलवणारी गोष्ट आत कोंडलेली हवा आहे. एवढं एक उत्तर मिळालं की पुढची अर्धी धडपड वाचते.

हवा गळतेय का?

दोन-तीन दिवसांनी काटा मधोमध येऊन थांबला, याचा अर्थ बरणीनं सावकाश श्वास घेतला. आत-बाहेर सारखं झालं की हलायला कारणच उरत नाही.

काडी चिकटवायच्या आधी तपासणं सोपं. फुगा चढवलेली बरणी बादलीत आडवी बुडवा आणि रबर बोटानं हलकेच दाबा. काठाशी बुडबुडे दिसले की गळती सापडली. काडी चिकटवून झाली असेल तर पाच रुपयांचं नाणं काडीला न लागता रबरावर ठेवा, काटा कुठे आहे ते लिहा, आणि खोलीचं तापमान फारसं बदलत नसेल अशा दोन-तीन तासांनी पुन्हा बघा. रबर आणखी खाली गेलं असेल तर हवा निसटतेय.

गळती बहुतेक वेळा काठाच्या सुरकुतीतून होते. फुगा मानेकडून कापून रुंद भागच घ्या, आणि तो आधी एकदा फुगवून सोडलेला असू द्या, म्हणजे चढवल्यावर फार ढिला पडत नाही. सुरकुती जाईपर्यंत ताणा, पण ढोलकीच्या पानासारखा टणक नको. फार ताणलेलं रबर दाबाला दाद देत नाही. पहिल्या रबरबँडवर दोऱ्याचे पाच-सहा घट्ट वेढे आणि त्यावर दुसरा रबरबँड, एवढं बस होतं. गळती बंद करायला म्हणून काठाला व्हॅसलीन किंवा खोबरेल लावायचा सल्ला दिला जातो, तो ऐकू नका. तेलकट पदार्थांनी फुग्याचं रबर कमजोर होतं आणि मग फाटतं.

आणि काठ कितीही घट्ट केला तरी फुग्याच्या रबरातून हवा थोडी-थोडी जातच राहते. फुगा दर तीन-चार आठवड्यांनी बदलायचा, हे उपकरणाच्या देखभालीतच धरा.

तापमापक शेजारी टांगा

आता थोडा खर्च. भिंतीवरचा साधा तापमापक घेऊन बरणीशेजारी टांगा आणि वहीत दोन रकाने करा, काटा आणि तापमान. खरी दुरुस्ती इथे होते, कारण तापमानाची चूक घालवता येत नसली तरी मोजता येते.

एका सकाळी, तासा-दीड तासाच्या आत हे करा. बरणी गार खोलीत अर्धा तास ठेवून काटा आणि तापमान लिहा. मग ती शेजारच्या जरा उबदार खोलीत नेऊन पुन्हा अर्धा तास थांबा आणि पुन्हा लिहा. तेवढ्या वेळात बाहेरचा दाब जवळजवळ तोच राहतो, त्यामुळे काटा जो हलला तो तापमानामुळे. समजा तीन अंशांच्या फरकानं काटा सहा मिलिमीटर उतरला. म्हणजे एका अंशाला दोन मिलिमीटर.

यातून दोन गोष्टी हाती येतात. पहिली, दुरुस्ती. २५ अंश हा पाया धरा. खोली २८ अंशांवर असेल तर काटा सहा मिलिमीटर जास्त खाली गेलेला आहे, तेवढे वाचनात मिळवा. २३ अंशांवर असेल तर चार मिलिमीटर वजा करा. दुसरी गोष्ट मुलांना फार भावते. एक अंश म्हणजे पुण्यात सव्वातीन मिलिबार, हे आपण आधी काढलं होतं. तोच अंश पट्टीवर दोन मिलिमीटर आहे. म्हणजे या बरणीचा एक मिलिमीटर म्हणजे साधारण १.६ मिलिबार. विकतचं कुठलंही उपकरण न आणता बरणीची पट्टी मिलिबारमध्ये आखून झाली. मुंबई-कोकणात समुद्रसपाटीला दाब हजाराच्या वर असतो, तिथे एका अंशाला ३.४ मिलिबार धरा.

सातवी-आठवीतली मुलं हा आलेख स्वतः काढतात. दुरुस्त केलेले आकडे महिनाभर टिपले की ऋतू दिसायला लागतो. मुंबईत जानेवारीतला सरासरी दाब आणि जुलैतला सरासरी दाब यांत जवळपास १० मिलिबारचा फरक असतो, आणि मे सरून जून लागताना तो उतार चालू असतो. त्या उताराला तापमानाचा वेष चढू न देणं हेच या रकान्याचं काम.

आकडे फोनशी जुळत नाहीत

काही फोनमध्ये दाब मोजणारा संवेदक असतो. पुण्यात तो ९५० च्या आसपास दाखवतो आणि त्याच वेळी हवामानाच्या बातमीत १००८ लिहिलेलं असतं. मुलं म्हणतात, कुणीतरी चुकतंय. कुणी चुकत नाही. नकाशावरचे आकडे समुद्रसपाटीला आणून सांगतात, म्हणजे वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करता येते. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, तिथल्या हवेच्या डोक्यावर तेवढी हवा कमी. खात्याच्या पत्रकात मिलिबारऐवजी हेक्टोपास्कल लिहितात, आकडा तोच.

तुमच्या बरणीला कुठल्याच आकड्याशी जुळायची गरज नाही. आज आणि काल यांतला फरक जुळतो का एवढंच बघा.

थर्मास आणि नळी

एवढं सगळं करून झालं आणि मुलांना आणखी हवं असेल, तर ही खटपट करा. स्टीलचा जुना थर्मास, त्याच्या तोंडात बसणारं दोन भोकांचं रबरी बूच, आणि माशांच्या टाकीला लावतात ती पारदर्शक नळी, नवी. एका भोकातून निघालेली नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून पुठ्ठ्यावर बांधा, तिच्यात रंगीत पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. दुसऱ्या भोकात छोटी नळी, ती चिमट्यानं बंद करता येईल अशी.

इथे रबर ताणायचं नाही, काडी नाही, घासणं नाही. एक मिलिबार फरकाला दोन बाजूंच्या पाण्यात सुमारे एक सेंटिमीटर अंतर पडतं. थर्मासमुळे आतली हवा काही मिनिटं तरी तापमान धरून ठेवते, आणि तेवढी मिनिटं पुरतात. तळमजल्यावर चिमटा उघडून दोन्ही बाजूंचं पाणी समान करा, चिमटा लावा, पाच मिनिटं थांबा आणि लिफ्टनं चौथ्या मजल्यावर जा. बारा मीटर चढल्यावर दोन पातळ्यांत तेरा-चौदा मिलिमीटर फरक दिसतो. उघड्या बाजूचं पाणी वर आलेलं असतं. हातातल्या नळीत पाणी सरकताना बघून मुलं लिफ्टमध्येच ओरडतात.

खाली परत आल्यावर पाणी समान झालं पाहिजे. झालं नाही तर बूच गळतंय किंवा थर्मासची हवा तापली. तापमानाचा दहावा अंशसुद्धा इथे तीन मिलिमीटर खातो, म्हणून थर्मास मुठीनं पकडायचाच तर झाकणाकडून, आणि नळीला हात नाही.

साध्या बरणीची कसोटी घ्यायची असेल तर ती सिंहगडावर न्या. गड पुण्यापेक्षा साडेसातशे मीटर उंच, म्हणजे दाब सुमारे ८० मिलिबारनं उतरतो. वर पाच-सहा अंश गार असलं तरी तेवढ्यानं उलट्या दिशेला १६ ते २० मिलिबारच जातात, बाकी सगळा खरा दाब. काटा पट्टीच्या खाली जाईल, म्हणून पट्टी लांब घ्या. १६४८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्यानं, फ्लोरँ पेरिएनं, फ्रान्समधल्या पुई द दोम डोंगरावर पाऱ्याची नळी नेऊन हेच केलं होतं. गडावरही काटा हलला नाही तर बरणी गळकी आहे, पुन्हा काठापासून सुरुवात करा.

इथे थांबा, जाणकाराकडे जा

पाऱ्याचा वायुभारमापक घरी करायचा नाही. नळी, पारा, मोठ्यांची देखरेख असं काही जुळून आलं तरी नाही. जुना तापमापक किंवा रक्तदाबाचं पाऱ्याचं यंत्र फुटलं, तर मुलांना खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद करा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका, त्यानं पारा बारीक होऊन पसरतो. तापमापकाएवढा पारा असेल तर मोठ्या माणसानं हातमोजे घालून जाड कागदानं थेंब एकत्र करून झाकणाच्या बाटलीत भरावेत. फुटलेला पाऱ्याचा तापमापक रोजच्या कचऱ्यात टाकायचा नाही, तो वेगळा, चिठ्ठी लावून पालिकेच्या माणसाकडे द्या. रक्तदाबाच्या यंत्रात पारा बराच जास्त असतो. तो सांडला तर स्वतः गोळा करत बसू नका, खोलीचं दार बंद करून पालिकेच्या घनकचरा विभागाला किंवा अग्निशमन दलाला कळवा.

घरात आजोबांच्या वेळचा पितळी, काट्याचा वायुभारमापक असेल आणि तो थोडा मागेपुढे दाखवत असेल, तर मागचा छोटा स्क्रू हलक्या हातानं फिरवून काटा हवामान खात्याच्या आकड्याला लावता येतो. काटा अडकला असेल किंवा टिचकी मारल्यावर भलतीकडे जात असेल तर उघडू नका. आतली हवा काढलेली धातूची डबी एकदा दुखावली की गेली. मापन-उपकरणं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच द्या.

फुगा हाताळल्यावर मुलाच्या हाताला खाज, ओठांना सूज किंवा शिंकांचा सपाटा सुरू झाला तर रबराची ॲलर्जी असू शकते. काम थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. श्वासाला त्रास होत असेल तर वाट बघत बसू नका, सरळ दवाखाना. कापलेल्या फुग्याचे तुकडे धाकट्या भावंडांच्या तोंडात जाऊन घशात अडकतात, ते लगेच उचला. बंद बरणी गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात तापवून “परीक्षा” करू नका, काच फुटते.

आणि किनाऱ्यावर राहत असाल तर एक गोष्ट ठाम. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं, तेव्हा त्याच्या केंद्रातला दाब ९९० मिलिबारच्या खाली होता. एवढी घसरण घरची बरणीसुद्धा दाखवेल, पण वादळ दारात आल्यावर. हवामान खात्याचा इशारा त्याच्या आधीच आलेला होता. होडी पाण्यात घालायची की नाही, घर सोडायचं की नाही, हे खात्याच्या आणि प्रशासनाच्या सूचनेवर ठरवा. त्या दिवशी बरणीची नोंद घ्यायची असेल तर ती सुरक्षित जागी पोचल्यावर.